रेघांचा हिशेब: ४०५ रेघांचं चित्र खरंच वाईट होतं का?

जुन्या टीव्हीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो 'मुंग्या'. एकजण गच्चीवर अँटेना धरून उभा, एकजण जिन्यात निरोप पोचवायला, बाकीचं घर टीव्हीसमोर. "आलं का?" "थोडं आलं... गेलं, गेलं! मगाचच्यासारखं कर!" ज्यांनी हे केलंय त्यांच्या मनात जुना टीव्ही म्हणजे खरखर आणि हलणारं चित्र, हे पक्कं बसलंय. त्यात १९४०-५० च्या दशकांतल्या ब्रिटिश किंवा अमेरिकन कार्यक्रमांचे तुकडे आज मोबाइलवर बघायला मिळतात, तेही पुसट, राखाडी, कडा वितळल्यासारखे. मग आपण ठरवून टाकतो की तेव्हाचं तंत्रच कच्चं होतं.

मला हा निकाल मान्य नाही. आपण जे बघून निकाल देतो ते मूळ चित्र नसतंच. ते मूळ चित्राची दुसऱ्या-तिसऱ्या हाताची नक्कल असते. मूळ चित्राची प्रत काय होती हे कळायला थोडा हिशेब करावा लागतो. हिशेब शाळेतल्या गुणाकाराचाच आहे, आणि त्यातून त्या इंजिनिअरांनी माणसाच्या डोळ्याशी केलेला सौदा स्पष्ट दिसतो. मुख्य उदाहरण म्हणून मी ब्रिटनची ४०५ रेघांची पद्धत घेतोय. ती १९३६ मध्ये सुरू झाली आणि जवळजवळ अर्धं शतक चालली.

आधी 'रेघ' म्हणजे काय ते बघू. चित्र पसरलेलं असतं, आडवं-उभं. रेडिओलहर मात्र एका क्षणी एकच गोष्ट सांगू शकते: आत्ता उजेड किती. म्हणून चित्र वहीत लिहिल्यासारखं ओळीओळीनं पाठवतात. कॅमेरा डावीकडून उजवीकडे एक ओळ वाचतो, झटकन परत डावीकडे येतो, पुढची ओळ घेतो. घरातल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत त्याच चालीनं काचेवर ओळी काढत जातो. जिथे उजेड जास्त तिथे झोत जोरकस, जिथे काळोख तिथे बंद. पाठवणारा आणि घेणारा यांची पावलं जुळावीत म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ओळ संपली' आणि पानाच्या शेवटी 'पान संपलं' अशा खुणा पाठवतात. 'पान संपलं' ही खूण टीव्हीला नीट सापडली नाही की चित्र वर किंवा खाली पळायला लागतं. मागच्या बाजूचं 'व्हर्टिकल होल्ड'चं बटण फिरवून आपण ते थांबवायचो, ते हेच.

चित्राची प्रत तीन आकड्यांवर ठरते. पानावर ओळी किती, एका ओळीत वेगळे ठिपके किती, आणि सेकंदाला पानं किती. तिन्हींचा गुणाकार म्हणजे लहरीवर पडणारं ओझं. कुठलाही आकडा वाढवा, ओझं वाढतं. पुढची सगळी गोष्ट या ओझ्याची आहे.

सुरुवात फार लहान आकड्यांनी झाली. जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकानं २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमधल्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या आपल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना हलतं चित्र दाखवलं. भोकं पाडलेली एक तबकडी गरगर फिरायची आणि प्रत्येक भोक चित्राची एक रेघ काढायचं. तबकडीची ही कल्पना जर्मनीच्या पॉल निप्कोव्ह यांची, १८८४ सालची. बेअर्डची पद्धत स्थिरावली ती ३० रेघांवर, सेकंदाला साडेबारा चित्रं. १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकांवरून ती चाचणी म्हणून जाऊ लागली आणि १९३५ पर्यंत चालली.

तीस रेघा म्हणजे किती? बेअर्डच्या रेघा उभ्या होत्या आणि चित्र उंच, अरुंद, ७ला ३ या प्रमाणात. म्हणजे एका रेघेत साधारण सत्तर ठिपके. तीस गुणिले सत्तर, २,१०० ठिपक्यांची रांगोळी. आज मोबाइलवरच्या एखाद्या ॲपचं चिन्हसुद्धा याहून कितीतरी जास्त ठिपक्यांचं असतं. एवढ्यात माणूस ओळखू येतो का? चेहरा जवळ असेल तर येतो, आणि त्याचं श्रेय हालचालीला आहे. स्थिर असता तर तो नुसता डागांचा पुंजका वाटला असता. तोच चेहरा हसला, मान वळवली, की डोळा चार-पाच चित्रांतली माहिती जुळवून घेतो.

पण बेअर्डनं तीस हाच आकडा का घेतला? सेकंदाला साडेबारा चित्रं धरली तर २,१०० ठिपक्यांचे होतात २६,२५० ठिपके. एक उजळ आणि एक काळा अशी जोडी म्हणजे लहरीचा एक हेलकावा, तेव्हा सेकंदाला साधारण तेरा हजार हेलकावे. मीडियम वेव्हवरच्या एका रेडिओ केंद्राच्या वाट्याला आवाजासाठी जेवढी जागा यायची, त्यात हे थोडं दाबून, कडा घासून बसत होतं. बेअर्डनं चित्र रेडिओच्या डब्यात मावेल एवढं कापलं होतं. आणि मीडियम वेव्ह रात्री शेकडो मैल जाते, त्यामुळे हौशी लोकांना ते फार लांबही दिसायचं.

१९३५ मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्ड सेल्सडन यांच्या समितीनं सांगितलं की नियमित सेवा सुरू करायची तर किमान २४० रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं हवीत. या प्रतीला त्यांनी 'हाय डेफिनिशन' म्हटलं. होय, तोच शब्द. आज दुकानातल्या खोक्यावर जो छापलेला असतो तो नव्वद वर्षांपूर्वी २४० रेघांसाठी वापरला जात होता. माझ्या मते तो वापर प्रामाणिक होता. तीसवरून दोनशे चाळीसवर जाणं ही उडी आपल्याकडच्या कुठल्याही नव्या टीव्हीनं मारलेल्या उडीपेक्षा मोठी होती.

बेअर्डच्या कंपनीनं समितीचा किमान आकडाच घेतला, २४०. समोर होती मार्कोनी-ईएमआय. तिथे संशोधनाची सूत्रं आयझॅक शोएनबर्ग यांच्याकडे होती आणि ॲलन ब्लुमलाइनसारखा सर्किट जाणणारा माणूस त्यांच्या संघात होता. त्यांचं काम २४३ रेघांवर चालू होतं. शोएनबर्गनी एकदम ४०५चा निर्णय घेतला. तेवढी माहिती वाहून नेणारे प्रक्षेपक आणि टीव्हीसंच तेव्हा सहज बनत नव्हते. पण प्रमाण एकदा ठरलं की ते बदलायला पिढी जाते, हे त्यांना दिसत होतं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी क्षण वाटतो.

४०५ असा विचित्र आकडा का, हे सांगायला हवं. ओळींच्या आणि पानांच्या खुणा एकाच मूळ ठेक्यातून काढाव्या लागत, नाहीतर त्यांची आपसात फारकत झाली असती. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, सर्किटना ठेका भागायला लावता यायचा, पण भरवशानं भागला जायचा तो तीन, पाच, सात अशा लहान आकड्यांनीच. म्हणून रेघांची संख्या लहान विषम आकड्यांच्या गुणाकारातून आलेली हवी. २४३ म्हणजे पाच वेळा तीन. ४०५ म्हणजे चार वेळा तीन आणि एकदा पाच. अमेरिकेचे ५२५ म्हणजे तीन, पाच, पाच, सात. नंतर आपल्याकडे आलेले ६२५ म्हणजे चार वेळा पाच. जगातल्या टीव्हीच्या प्रमाणांचे हे आकडे असे पाढ्यातून निघालेत.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या उत्तरेला टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची सेवा सुरू झाली. दोन्ही पद्धतींना आळीपाळीनं संधी होती. बेअर्डच्या बाजूची एक व्यवस्था अशी की कार्यक्रम आधी सिनेमाच्या फिल्मवर टिपायचा, ती फिल्म तिथल्या तिथे रसायनांत धुवायची आणि ओली असतानाच तिच्यावरून रेघा वाचून चित्र पाठवायचं. कलाकार बोलल्यानंतर सुमारे मिनिटभरानं चित्र निघायचं. कॅमेरा धुलाईच्या टाक्यांना जोडलेला, त्यामुळे जागचा हलवता येत नसे. शेजारच्या स्टुडिओत ईएमआयचा एमिट्रॉन कॅमेरा मात्र चाकांवर फिरायचा, आणि त्याला दिसेल ते त्याच क्षणी लंडनच्या घरांत दिसायचं. त्यातच ३० नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीला आग लागली आणि तिथली बेअर्डची प्रयोगशाळाही जळाली. फेब्रुवारी १९३७ पासून फक्त ४०५ रेघा उरल्या.

रेघांच्या संख्येइतकाच मोठा फरक दोन्ही चित्रांच्या लुकलुकण्यात होता.

सेकंदाला पंचवीस चित्रं हालचालीसाठी पुरतात. पण पडदा सेकंदाला पंचवीसदाच उजळला तर तो डोळ्यांना टोचेल इतका लुकलुकतो, आणि पडदा जितका तेजस्वी तितकं हे जास्त जाणवतं. सिनेमावाल्यांनी यावर उपाय शोधला होता: सेकंदाला २४ फ्रेम, पण प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतं, म्हणजे ४८ उघडझापी. टीव्हीत तसं करायचं तर एकच चित्र दोनदा पाठवावं लागणार, म्हणजे ओझं दुप्पट. बेअर्डच्या २४० रेघा वरपासून खालपर्यंत सलग काढल्या जायच्या, सेकंदाला २५ वेळा, आणि ते चित्र लुकलुकायचं.

ईएमआयनं वापरलेली युक्ती म्हणजे रेघा एकाआड एक काढणं. आधी १, ३, ५, ७ अशा विषम रेघांचं अर्धं पान काढायचं, मग मधल्या रिकाम्या जागांत सम रेघांचं दुसरं अर्धं. एखाद्या बाईनं चटई विणताना आधी एकाआड एक दोरे ओढून घ्यावेत आणि मग मधले भरावेत, तसं. पूर्ण चित्र सेकंदाला पंचवीसच, पण पडदा उजळतो सेकंदाला पन्नास वेळा. ओझं तेवढंच राहिलं आणि लुकलुक जवळपास गेली. विषम आकड्याचा इथे आणखी एक उपयोग होतो. ४०५चं अर्धं म्हणजे दोनशे अडीच, २०२.५. अर्धं पान संपतं तेव्हा झोत ओळीच्या मध्यावर असतो, आणि त्यामुळे पुढचं अर्धं पान आपोआप अर्धी ओळ सरकून, बरोबर मधल्या फटींत पडतं. वेगळी यंत्रणा लागत नाही. इतकं देखणं गणित मी यंत्रांच्या जगात फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

पन्नासच का? ब्रिटनची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. संचात विजेची थोडी गळती चित्रात शिरायचीच; दोन्ही ठेके सारखे असले तर त्या गळतीचा पट्टा पडद्यावर एकाच जागी थांबतो आणि नजरेत भरत नाही. ठेके वेगळे असते तर काळसर पट्टा चित्रावरून सतत सरकत राहिला असता. अमेरिकेची वीज साठची, म्हणून १९४१ मध्ये तिथे ठरलेल्या ५२५ रेघांच्या प्रमाणात साठ अर्धी पानं आहेत.

या युक्तीची किंमतही होती. चित्रात एका रेघेइतकी बारीक आडवी कड असेल, एखाद्या पुस्तकाची किंवा साडीच्या काठाची, तर ती एकाच अर्ध्या पानात येते आणि सेकंदाला २५ वेळा थरथरते. आणि घरातला संच नीट लावलेला नसेल तर दुसरं अर्धं पान फटींत पडण्याऐवजी पहिल्याच्या अंगावर पडायचं. हे घरोघरी होत असे. अशा घरात ४०५ रेघांच्या टीव्हीवर प्रत्यक्षात दोनशेच रेघा दिसत, बाकी जागा काळी. दोष संचाचा, नाव मात्र पद्धतीचं खराब.

आता ओझ्याकडे वळू. ४०५ पैकी चित्र दाखवणाऱ्या रेघा ३७७. बाकीचा वेळ झोताला पानाच्या तळापासून वर परतायला लागतो. आडवे ठिपके उभ्याइतकेच बारीक हवेत असं धरलं तर एका रेघेत साधारण पाचशे ठिपके लागतात. सेकंदाला रेघा ४०५ गुणिले २५, म्हणजे १०,१२५. एका रेघेला मिळतात जेमतेम ९९ मायक्रोसेकंद, त्यातले ८० कामाचे. ऐंशी मायक्रोसेकंदांत पाचशे ठिपके बसवायचे तर सेकंदाला तीस लाखांहून जास्त हेलकावे लागतात, म्हणजे सुमारे तीन मेगाहर्ट्झ. यालाच बँडविड्थ म्हणतात. लहरीनं वाहून न्यायच्या मालासाठी लागणारी रस्त्याची रुंदी. सगळ्या मीडियम वेव्हची रुंदी मिळून एक मेगाहर्ट्झच्या आसपास भरते. एका टीव्हीच्या चित्राला सगळ्या रेडिओ केंद्रांची जागा मिळून जेवढी होते तिच्या तिप्पट जागा हवी होती.

म्हणून टीव्हीला वर, रिकाम्या लहरींत जावं लागलं. अलेक्झांड्रा पॅलेसचं चित्र ४५ मेगाहर्ट्झवर होतं. या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात, डोंगरामागे आणि क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. त्यामुळे प्रक्षेपक टेकडीवर, उंच मनोऱ्यावर. आपल्याकडे पुण्यासाठीचा प्रक्षेपक सिंहगडावर बसला त्यामागचं कारण हेच.

'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. नोव्हेंबर १९३८ मध्ये सूर्यावरच्या डागांचा जोर होता आणि वातावरणाच्या वरच्या थरानं लंडनच्या त्या लहरी थेट अमेरिकेकडे परावर्तित केल्या. न्यूयॉर्कजवळ आरसीए या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरांना बीबीसीचं चित्र दिसलं आणि त्यांनी पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा धरून ते टिपून ठेवलं. युद्धापूर्वीच्या बीबीसीच्या थेट प्रक्षेपणाचं टिकून राहिलेलं एवढंच चित्रण. काही मिनिटांचं, मुकं, आणि अर्थातच भयंकर अवस्थेतलं: लहरी वेगवेगळ्या वाटांनी पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून पोचलेल्या, त्यामुळे चेहरे दुहेरी-तिहेरी, पसरलेले. आज '१९३०चा टीव्ही असा दिसायचा' म्हणून हेच दाखवलं जातं. मला त्याचं वाईट वाटतं. एखाद्या गायकाचं गाणं सातासमुद्रापार खरखरत्या रेडिओवर ऐकून त्याच्या गळ्याबद्दल मत द्यावं, तसं हे झालं.

लंडनच्या घरात ते चित्र कसं दिसत असेल? तेव्हाच्या मोठ्या संचात बारा इंची ट्यूब असे. ट्यूब इतकी लांब की ती कपाटात उभी ठेवायची, तोंड वर करून, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावलेल्या आरशात चित्र बघायचं. चित्राची उंची साधारण आठ इंच. माणसाच्या निरोगी डोळ्याला दोन रेघा वेगळ्या दिसतात त्या एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरापर्यंत. या मापानं ३७७ रेघांचं चित्र त्याच्या उंचीच्या नऊ पट लांबून बघितलं की रेघा दिसेनाशा होतात. आठ इंचांची नऊ पट म्हणजे सहा फूट. दिवाणखान्यात माणूस खुर्ची टाकून बसतो तेवढंच अंतर! त्या खोलीत, त्या पडद्यावर, ४०५ रेघा डोळ्याला पुरत होत्या. अडचण झाली ती १९५० नंतर पडदे मोठे होऊ लागले तेव्हा. मग रेघा दिसायला लागल्या, आणि काही महागड्या संचांत झोताला वर-खाली अगदी सूक्ष्म थरथर देऊन मधल्या फटी बुजवण्याची सोय आली.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. एमिट्रॉनला प्रकाश भरपूर लागायचा आणि त्याच्या चित्रात आपोआप काळपट छाया पसरायची. एका कोपऱ्याकडे उतरत गेलेली किंवा मध्ये वाकलेली. एक इंजिनिअर सतत बटणं फिरवून ती छाया उलट दिशेनं कापत बसायचा, प्रत्येक दृश्याला नव्यानं. मे १९३७ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाची मिरवणूक या कॅमेऱ्यांनी हाइड पार्क कॉर्नरवरून दाखवली.

४०५ पद्धतीत एक उणीव मात्र मूळचीच होती. तिच्यात उजेड जास्त तर लहर जोरकस, अशी सरळ योजना होती. पण रस्त्यावरून मोटार गेली की तिच्या प्लगच्या ठिणगीतून लहरींचा जोरकस झटका येतो. संचाला वाटायचं प्रचंड उजेड आलाय, आणि पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे. अमेरिकेनं आणि नंतर ६२५ रेघांच्या पद्धतीनं हे उलटं केलं: काळोखाला लहर जोरकस, उजेडाला क्षीण. मग ठिणगीचा झटका काळा ठिपका बनतो, आणि काळा ठिपका डोळ्याला फार कमी खुपतो. आपल्या गल्लीतून लुना किंवा रिक्षा गेली की पडद्यावर जी ओळीनं टिंबं उठायची, ती पांढरी लखलखीत असती तर किती त्रास झाला असता याची कल्पना करा.

मग आज दिसणारे तुकडे इतके पुसट का? व्हिडिओटेप यायच्या आधी थेट कार्यक्रम जपून ठेवायचा एकच मार्ग होता: टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावणं. पण एक अर्धं पान संपून दुसरं सुरू व्हायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात फिल्म पुढच्या फ्रेमवर ओढणं कॅमेऱ्याला जमत नसे. म्हणून ब्रिटनमधल्या एका प्रचलित पद्धतीत एक अर्धं पान टिपायचं आणि दुसरं चालू असताना फिल्म सरकवायची. दुसऱ्या अर्ध्या पानाच्या रेघा गेल्याच. म्हणजे अशा फिल्मवर ३७७ पैकी जेमतेम १८८ रेघा उरल्या. त्यात काचेवरच्या तेजाचा पसारा, लेन्स, फिल्मचा दाणा, नकलेची नक्कल, आणि शेवटी मोबाइलसाठी पिळून काढलेली फाइल. एवढ्या हातांतून गेल्यावर काय उरणार?

देशादेशांत चित्र पाठवायचं तरी हीच गत. २ जून १९५३ रोजी एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक फ्रान्स, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनीत थेट दिसला. लंडनचं चित्र ४०५ रेघांचं, फ्रान्सचे संच ८१९चे, जर्मन ६२५चे. बदल कसा केला? एका पडद्यावर ४०५चं चित्र लावून त्याच्यासमोर दुसऱ्या प्रमाणाचा कॅमेरा उभा केला!

फ्रान्सच्या ८१९ रेघांवर थोडं थांबू, कारण 'रेघा जास्त तर चित्र चांगलं' या समजाची परीक्षा तिथेच होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्या वेळी माहिती खातं सांभाळणारे फ्रान्स्वा मित्राँ, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या सहीनं हे प्रमाण ठरलं. रेघा ४०५च्या दुप्पट. पण रेघा दुप्पट केल्या की ओझं चौपट होतं, कारण रेघा बारीक झाल्यावर त्यांतले ठिपकेही दुप्पट बारीक करावे लागतात आणि ते निम्म्या वेळात पाठवावे लागतात. फ्रान्सनं खरोखरच दहा मेगाहर्ट्झ दिले. रेघेत सातशे-आठशे ठिपके मावायचे. कृष्णधवल टीव्हीत त्या काळी याच्या तोडीचं चित्र दुसरीकडे नव्हतं. शेजारच्या बेल्जियमनंही फ्रेंच भाषिकांसाठी ८१९ रेघा घेतल्या, पण रस्ता दिला निम्मा, पाच मेगाहर्ट्झचा. परिणाम काय? रेघा ८१९, पण प्रत्येक रेघेत ठिपके जेमतेम चारशे. आडव्या दिशेनं ते चित्र १९३६च्या लंडनपेक्षाही ढोबळ! तिथे तीन मेगाहर्ट्झ आणि ऐंशी मायक्रोसेकंद मिळून ४८० ठिपके होत होते.

उभ्या दिशेलाही एक वजावट आहे. चित्रातली बारीक कड रेघेवर पडली तर नीट दिसते, दोन रेघांच्या मध्ये पडली तर पसरते. आरसीएच्या रेमंड केल यांनी १९३४ च्या सुमारास हे मोजलं. ढोबळ मानानं रेघांच्या सत्तर टक्केच तपशील खरा मिळतो.

हे सगळं घेऊन आपल्याकडच्या ६२५कडे बघा. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोग म्हणून टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत. उशिरा आल्यामुळे आपल्याला ४०५ किंवा ८१९ अशी जुनी जोखडं घ्यावी लागली नाहीत. ६२५ रेघा, दिसणाऱ्या साधारण ५७५, पाच मेगाहर्ट्झ. एका रेघेला कामाचे ५२ मायक्रोसेकंद, म्हणजे ५२० ठिपके. लंडनच्या ४८०पेक्षा थोडेच जास्त. म्हणजे ६२५च्या चित्राची मोठी सुधारणा उभ्या दिशेची होती. आडव्या दिशेनं आपण १९३६च्या फार पुढे गेलेलोच नव्हतो. १९८२ मध्ये रंग आला तो याच पाच मेगाहर्ट्झच्या आत, उजेडाच्या तपशिलाच्या फटींत कोंबून. बारीक चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस पडद्यावर आला की कापडावर निळे-पिवळे झरझर पट्टे नाचायचे. कापडाच्या बारीक रेघांनाच संच रंगाचा संदेश समजायचा.

आणि वीस इंची टीव्हीची उंची बारा इंच, ५७५ रेघांसाठी अंतर उंचीच्या सहा पट, म्हणजे पुन्हा सहा फूट. "डोळे खराब होतील, लांब बस" असं आई ओरडायची तेव्हा ती आपल्याला नेमक्या त्या जागी बसवत होती जिथे रेघा नाहीशा होतात.

ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी ६२५वर सुरू झाली. तरी जुने संच घरांत होते म्हणून ४०५चे प्रक्षेपक सोबत चालूच ठेवले गेले, ते थेट जानेवारी १९८५ पर्यंत. फ्रान्सचं ८१९ही त्याच दशकाच्या सुरुवातीला थांबलं.

या आकड्यांची एक खूण मात्र डोळ्यांऐवजी कानांना कळायची. पिक्चर ट्यूबचा झोत परत ओढणारा ट्रान्सफॉर्मर रेघांच्या ठेक्यावर थरथरतो आणि त्यातून अगदी बारीक शीळ निघते. ब्रिटनमध्ये तिचा सूर १०,१२५ हर्ट्झचा, सगळ्यांना ऐकू येणारा. आपल्याकडे ६२५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५. लहानपणी घराच्या दारात चप्पल काढतानाच कळायचं की आत टीव्ही लावलाय, आवाज पूर्ण बंद असला तरी. वडिलांना ते कसं कळत नाही याचं मला आश्चर्य वाटायचं. वयाबरोबर कान आधी वरचे सूर सोडतो. तो जुना संच आज कुणी आणून माझ्यासमोर चालू केला, तर चित्र मला दिसेल. ती शीळ माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या लहान मुलाला विचारावी लागेल.